बुधवारचा उपवास कुणाचा?

आमच्या घरी पाहुण्याला भाकरी वाढली तर पाहुणा तोंडानं काही बोलायचा नाही, पण त्याच्या घरच्या पुढच्या लग्नात आमच्या पंगतीकडं जिलेबी फिरकायची नाही. तशी आम्ही लातूरकडची माणसं ज्वारीवरच वाढलेली. सकाळी भाकरी, संध्याकाळी भाकरी, आजारी पडलं तर ताकात कुस्करून भाकरी. पण दारात पाहुणा दिसला की गव्हाचा डबा उघडायचा. गहू म्हणजे सण, गहू म्हणजे इज्जत. हे कुणी शिकवत नाही, अंगातच असतं.

त्यामुळं आमची मुलगी सहाव्या-सातव्या वर्षी वाळत चालली तेव्हा आम्ही तिला 'चांगलं' खाऊ घालायला लागलो. चांगलं म्हणजे गव्हाचं. सकाळी शिरा, दुपारी तूप-पोळी, संध्याकाळी दुधात बुडवून बिस्किटं. आम्ही जितकं चांगलं खाऊ घालायचो तितकी ती बारीक व्हायची. पोट तेवढं फुगलेलं, हातपाय काड्या. माझ्या आईचं म्हणणं नजर लागली. माझं म्हणणं जंत झाले. दोन्हींवर उपचार झाले. आईनं मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, मी जंताचं औषध पाजलं, आणि त्यावर ताकद यावी म्हणून पुन्हा शिरा.

मी तेव्हा लातुरातल्या एका कोचिंग क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायचो. गावात क्लासेसना नुकताच भर आला होता. नांदेड, परभणी, बीड, कुठून कुठून पोरं ट्रंका घेऊन उतरायची, आणि माझ्या नोट्सची झेरॉक्स काढायला रांग लागायची. प्रथिनं हा माझा हातखंडा धडा. शेवटी एका डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, "सर, हिला गव्हातलं एक प्रथिन चालत नाही. सिलिॲक म्हणतात. गहू बंद. थोडे दिवस नाही, कायमचा. कणभरसुद्धा नाही."

मी गंभीरपणे मान हलवली आणि विचारलं, "रवा चालेल का?"

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "सर, तुम्ही काय शिकवता?"

हा प्रसंग माझी बायको अजून सांगते. मी सांगितला तर पुरेसा वाईट सांगत नाही म्हणून ती स्वतः सांगते.

भाकरी चालत होती, भात चालत होता. म्हणजे तिला रोजचं सगळं चालायचं, फक्त आनंदाचं चालायचं नाही. केक, समोसा, पुरी, पोळी, शंकरपाळे, करंजी. लहान मुलाला एरवी पानात काय पडतं याची फिकीर नसते. फिकीर असते ती वाढदिवसाला.

गहू बंद झाल्यावर पहिला वाढदिवस आला तो माझ्या बहिणीच्या मुलाचा, नांदेडला. आम्ही डबा घेऊन गेलो. सगळी पोरं केकभोवती, आणि आमची भिंतीला टेकून डब्यातली भाकरी-भाजी खातेय. बहिणीला ते बघवेना.

"दादा, तू पण ना! लेकरू तोंडाकडं बघून राहिलंय. एवढासा तुकडा दे की. विष आहे का ते?"

"अगं, डॉक्टरनी..."

"डॉक्टरला काय जातंय सांगायला! नखाएवढा घे गं बाळ."

मी मध्ये पडायला हवं होतं. मी म्हणालो, "नखाएवढाच हां." परतीच्या एसटीत त्या नखानं आपला इंगा दाखवला. नांदेडहून लातूरपर्यंत कंडक्टरनं आमच्यासाठी चार वेळा गाडी थांबवली. घरी आल्यावर बहिणीचा फोन आला, ती रडत होती, आणि तिला समजावताना मीच जास्त रडलो. तेव्हापासून घरात मीच पोलीस झालो.

तरी तीन महिने पोर म्हणावी तशी सुधरेना. शेवटी बायकोनं स्वयंपाकघरातली एकेक डबी उचलून त्यावरचं बारीक अक्षर वाचायला घेतलं, आणि हिंगाच्या डबीवर थांबली. हिंगात गव्हाचं पीठ! तीन महिने आम्ही रोज वरणाला फोडणी देत होतो, आणि घरचा केमिस्ट्रीचा मास्तर "वा, काय वास सुटलाय" म्हणत होता.

कॉलनीतल्या वाढदिवसांना डबा चालूच होता. डब्याचं दुखणं असं की त्यात सगळे वाकून बघतात. "काय गं, काय आणलंस? भाकरी? वाढदिवसाला?" एक पोरगी म्हणाली, "हिला शिवू नका, आपल्यालाही होतं." मग कुणाच्या तरी आईनं तिला रागावलं, त्याबरोबर बाकी सगळ्या पोरी आमच्याकडं बघायला लागल्या. घरी आल्यावर मुलगी म्हणाली, "पप्पा, डबा नको. आणि कुणाला सांगू पण नका." पुढच्या वाढदिवसाला तिचं पोट दुखलं. त्याच्या पुढच्याला डोकं. मी ओळखलं. वर्गात अशी पोटं मी रोज बघतो.

आणि मग मला ती युक्ती सुचली. वाढदिवस सोमवारी होता. मी तिला म्हणालो, "जा. डबा नको, काही नको. कुणी काही दिलं तर फक्त एवढंच म्हणायचं, माझा उपवास आहे."

तिनं विचारलं, "खोटं?"

"खोटं कसं? गव्हाचा उपवासच आहे की तुझा."

ती गेली. दोन तासांनी उड्या मारत परत आली. काय झालं म्हणे? यजमानीणबाईंनी केकचा तुकडा पुढं केला, हिनं सांगितलं उपवास आहे, आणि बाई हात जोडून उभ्या राहिल्या! "अगंबाई, एवढीशी पोर सोमवार करते! आणि आमचं घोडं बघा, उपवासाच्या दिवशी अंडं मागतं." तिला पाटावर बसवलं, केळी, खजूर, बटाट्याचे वेफर्स आणि केशर घातलेलं दूध दिलं. सगळ्या पोरींच्या आधी. "आग्रह कुणी केलाच नाही पप्पा. एकानंपण नाही."

विचार केला तर खरंच होतं. डॉक्टरांचं नाव सांगितलं की लोक म्हणतात, नखाएवढं घे. शंकराचं नाव सांगितलं की नखाएवढंही म्हणत नाहीत. मोडला तर आपल्यालाच पाप. जे मी आतड्याचे फोटो दाखवूनही करू शकलो नसतो ते त्या एका शब्दानं झालं. मी स्वतःवर फार खूश झालो. कोचिंगवाल्या माणसाला एक ट्रिक सापडली की तो ती सगळ्या गणितांना लावतो, तसं माझं झालं.

गुरुवार सोपा, दत्ताचा. शनिवार मारुतीचा. शुक्रवार देवीचा, मंगळवार गणपतीचा. चतुर्थी, एकादशी तर बोनसच. भिंतीवरच्या पंचांगात मी कॉलनीतल्या वाढदिवसांच्या तारखांना गोल करून ठेवले आणि समोर देव लिहिले. फक्त एक वाढदिवस बुधवारी आला आणि मी अडकलो.

"अहो, बुधवारी कुणाचा उपवास असतो?" मी बायकोला विचारलं.

"तुम्ही केमिस्ट्रीच शिकवा," ती म्हणाली.

मी मुलीला सांगितलं, "सांग, बुध ग्रहाचा आहे." ती बिचारी तेच सांगून आली. त्या घरच्या आजींनी म्हणे तिला जवळ घेऊन विचारलं, "बाळ, साडेसाती आहे का गं तुम्हाला?"

असे महिने गेले. पोर अंगानं भरली, गालांवर रंग आला. आणि तिच्या भक्तीची कीर्ती झाली. एका हळदीकुंकवाला बायकांनी आपापले हिशेब जुळवले. "माझ्याकडं आली तेव्हा सोमवार होता." "माझ्याकडं शनिवार." "अहो, माझ्याकडं तर बुधवारी!" निम्म्या बायकांना ती संत वाटली. उरलेल्या निम्म्यांना वाटलं, आई पोरीला उपाशी ठेवते. आणि आमच्या गावाची रीत अशी की शेवटी सगळ्यांनी मिळून एकच अर्थ काढला: कोचिंगवाल्या सरांनी पोरीला मेडिकलला नंबर लागावा म्हणून आत्तापासून उपवासाला बसवलंय. मुलगी तिसरीत होती. तरी दोन आयांनी रस्त्यात थांबवून मला हळूच विचारलं, "सर, कोणत्या वाराचा जास्त रिझल्ट येतो?"

आमच्या शेजारी काकू राहतात. नात्यातल्या नव्हेत, पण नात्यातल्या माणसांना आम्ही इतके घाबरत नाही. त्यांचं माहेर निलंग्याच्या पलीकडचं, कर्नाटकच्या अंगाला, म्हणून प्रत्येक लहान पोरीला त्या 'अव्वा' म्हणतात. भूकंपाच्या साली आमची ओळख घट्ट झाली. किल्लारीकडं जे झालं त्यापुढं आमचं दुखणं सांगण्यासारखं नव्हतं. आमच्या भिंतींना नुसत्या चिरा गेल्या होत्या. पण कितीतरी दिवस गल्लीतल्या कुणाचीच आत स्वयंपाक करायची हिंमत नव्हती. सगळ्यांच्या चुली मोकळ्या मैदानात एका ओळीत. मी तेव्हा कॉलेजात होतो. सगळ्यांनी तवे-पातेली एक करून टाकली होती, एकट्या काकूंनी आपला उपवासाचा तवा बाजूला, लिंबाच्या फांदीला टांगून ठेवला होता. कुणीतरी थट्टा केली तर म्हणाल्या, "जमीन हलली म्हून एकादशी हलती का?"

पुढं गावात कोचिंगची पोरं आली तशी काकूंनी मुलींची मेस काढली. त्यातही उपवासाचं सगळं वेगळं. कढई वेगळी, तेल वेगळं, झारा वेगळा. त्या डब्यांच्या कडीला लाल दोरा. साध्या डब्याचा चमचा लाल दोऱ्याच्या डब्याला लागला तर तो डबा परत धुऊन भरायचा. मेसच्या पोरी पाठीमागं हसायच्या आणि नीट चेपून खायच्या.

तर त्या नवरात्रात काकू आमच्या दारात उभ्या राहिल्या.

"सर, अष्टमीला नऊ कुमारिका जेवायला बोलवायच्यात. आपली अव्वा पयली. पयल्या पाटावर तिलाच बसवणार. एवढी उपास करणारी पोर मला साऱ्या लातुरात दिसली न्हाई."

मुलगी आतून धावत आली. पहिला पाट! परकर, बांगड्या, पायावर पाणी, कपाळाला मळवट! तिच्या वर्गातल्या पाच पोरी त्या नऊंमध्ये होत्या.

"फक्त एक," काकू तिच्या हनुवटीला हात लावून म्हणाल्या, "त्या दिशी उपास सोडायचा हां अव्वा. कुमारिका जेवली न्हाई तर देवी उपाशी ऱ्हाती. पुरणपोळी करणार हाय."

काकू गेल्या. मुलगी दारातच उभी. मग माझ्याकडं वळून तिनं अगदी शांतपणे विचारलं, "पप्पा, आता कुणाचा उपवास सांगायचा?"

मी एकेक पळवाट काढायला लागलो. ताप आला म्हणू. आत्याकडं नांदेडला गेलो म्हणू. पोर प्रत्येक पळवाटेला नाही म्हणून मान हलवत राहिली. "मला जायचंय. मला पहिल्या पाटावर बसायचंय." आणि जरा वेळानं, "आणि तिथं डबा पण नाही न्यायचा." मग ती आत जाऊन बसली. आधी वाढदिवसांना जाणं ती स्वतःच निमूट चुकवत होती. पण आता लोकांनी तिला आधी बोलावलं होतं, आणि माझ्याच खोट्यामुळं तिला ते मिळणार नव्हतं.

बायको म्हणाली, "जा, आणि काकूंना खरं काय ते सांगा."

"मी?"

"मग काय बुध ग्रहाला पाठवू?"

मी शिकवायला जावं तशी तयारी करून गेलो. एक कोरा कागद घेतला, त्यावर आतड्याची आकृती काढली, आतल्या अस्तराला निळी शाई, गव्हाच्या प्रथिनाला लाल. काकू परसात बटाटे सोलत बसल्या होत्या. मी कागद समोर धरून पंधरा मिनिटं बोललो. काकू बटाटे सोलत राहिल्या. मी थांबलो तेव्हा त्यांनी सुरी खाली ठेवली.

"म्हंजे ते सोमवार, शनिवार..."

"खोटे होते, काकू."

"देवाचं नाव सांगून खोटं?"

"पोरगीला लोकांत बसता यावं म्हणून..."

"पोरीचं काय चुकलं न्हाई. तुमचं इचारते मी. किती उपास सांगितले खोटे?"

मी मनात मोजले. "अकरा."

"ते अकरा आता तुम्ही करायचे. मोजून. साबुदाणा मी देईन." आणि वर, "तो बुधवार सोडून. तो देव तुम्हीच शोधलेला, त्याचं तुम्ही बघा."

मला वाटलं, झालं, आता मुलीचं आमंत्रण गेलं. पण काकूंनी पुन्हा सुरी उचलली आणि दुसरंच विचारलं.

"गहू किती चालत न्हाई म्हंता?"

"कणभरसुद्धा नाही."

"पोळीच्या तव्यावर काई भाजलेलं?"

"नाही चालत."

"पुऱ्या तळलेल्या तेलातलं?"

"नाही."

"पिठाचा हात पुसून वाढलं तर?"

"तेही नाही, काकू. म्हणूनच तर अवघड आहे. लोकांना हे समजतच नाही."

काकू हसायला लागल्या. "अवो सर! हे समद्या उपासाचंच की! एकादशीला मी काय वेगळं करते? ही माझ्या सासूनं मला पयल्या वर्षी शिकवलेली गोष्ट, आन तुम्हाला सांगायला आतडं काढावं लागलं व्हय?"

मी आतड्याचा कागद घडी करून खिशात घातला. तरी मास्तरच तो. परीक्षा घेतल्याशिवाय कसा राहील? विचारलं, "आणि हिंग?"

"उपासाला हिंग कुठं असतो?" काकू म्हणाल्या. "कसले सर हो तुम्ही?"

ठरलं असं की काकू तिच्यासाठी उपवासाच्या चुलीवर वेगळं ताट करतील. मी आनंदानं घरी येऊन सांगितलं. मुलीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वेगळं ताट म्हणजे डबाच की पप्पा. फक्त काकूंच्या घरचा." मग म्हणाली, "मी नाही जात. त्यांना सांगा, माझं पोट दुखतंय."

हे मी काकूंना सांगायला परत गेलो नाही. मला धीर झाला नाही. बायको गेली. दोघी बराच वेळ बोलत होत्या, आणि काकूंपुढंही साधा प्रश्न नव्हता. त्यांच्या सासूच्या काळापासून अष्टमीला कुमारिकांना पुरणपोळीच. ते मोडायचं म्हणजे पोरीच्या आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता, देवीचा होता. काकूंनी त्या दिवशी मेसचा स्वयंपाक करताना एकही शब्द काढला नाही म्हणे, आणि त्यामुळं मेसच्या पोरी घाबरल्या. संध्याकाळी काकू कुंपणापाशी आल्या आणि बायकोला म्हणाल्या, "देवीला पुरण लागतंय. पुरण हरभऱ्याच्या डाळीचं. त्यात गहू कुठाय? पोळी ही आपली सोय, पुरण उचलून खायला. वाटीत पुरण वाढते, वरून तूप, आन जोडीला राजगिऱ्याच्या पुऱ्या. नवाच्या नऊजणींना एकच. अव्वाला सांगा, पर आपल्या तिघींत ऱ्हाऊ द्या. सरांना काई सांगू नका, ते कागद काढत्यात."

बायकोनं तरी मला सांगितलंच, आणि मला राहवेना. राजगिरा दळला कुठं जातो? ज्या चक्कीवर दिवसभर गावाचा गहू दळतात तिथंच ना? मी सकाळी स्कूटर काढून चक्कीवाल्या चाचांकडं गेलो. चाचांच्या कुटुंबाची ती चक्की त्यांच्या वडिलांपासूनची. मी म्हणालो, "चाचा, काकूंचा राजगिरा दळताना जरा दगड..."

चाचांनी हातानंच मला थांबवलं. "सर, काकू का उपास का दळण सवेरे सबसे पहले. दगड खोलके झाडता मैं, पहला ओंजळभर फेक देता, तब पिसता. उसके बाद दुनिया का गहू." मग भुवयांवरचं पीठ पुसत म्हणाले, "मेरे बाल काले थे तबसे ऐसाच चालू हाय. तुमको आज क्या हुआ?"

मला काही झालं नाही म्हणालो आणि परत आलो. त्या आठवड्यात सगळ्या गावाला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

अष्टमीला आम्ही मुलीला घेऊन गेलो. नऊ पाट, नऊ केळीची पानं. काकूंनी प्रत्येकीच्या पायावर पाणी घातलं, मळवट भरला. पहिल्या पाटावर आमची, नवा हिरवा परकर सावरत, अशी ताठ बसलेली की जणू तिच्याच नावानं घट बसवलाय. शेजारच्या पाटावर पलीकडच्या घरची तिची मैत्रीण, जी नेहमी तिच्यापेक्षा वरचढ असायची, अभ्यासात, पळण्यात, सगळ्यात. वाढणं सुरू झालं. भगर, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, वाटीत पुरण, त्यावर तुपाची धार, आणि तपकिरी, खुसखुशीत पुऱ्या.

एक पोरगी म्हणाली, "काकू, पुरणाची पोळी कुठाय?"

"पोळी माहेराला गेली," काकू म्हणाल्या. "पुरण हाय ना? मग खा की गपचीप. लई चौकशा!"

सगळं नीट चाललं होतं आणि तेवढ्यात एका पोरीची आई घरून मोठं पातेलं घेऊन आली. "काकू, मी पण काहीतरी करावं म्हटलं. शंकरपाळे! घरच्या तुपातले. वाढू का?" आणि उत्तराची वाट न बघता पहिल्या पाटाकडं वाकली.

मी दारात उभा होतो. मुलगी पानाकडं बघत बसली, मान खाली, दोन्ही हात मांडीवर. तिला जे नको होतं ते आता होणार होतं. आता ती "नको" म्हणणार, ती बाई का म्हणून विचारणार, सगळ्या पोरी वळून बघणार. आणि तिच्याकडं सांगायला कुणाचंच नाव उरलेलं नव्हतं.

काकूंनी वाढता वाढता डावा हात मध्ये घातला. "अय्यो, पानात नको! पुरणावर कोरडं पडलं तर देवी कोपती आमच्याकडं. घरी न्यायला बांधते नवांना, आण इकडं." आणि पातेलं उचलून थेट आत. असला काही नियम कुठल्याच घरात नाही हे तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. पण काकूंना कोण विचारणार? ती बाई उलट खजील होऊन म्हणाली, "हो का? मला माहीतच नव्हतं बाई."

देवाचं नाव घेऊन खोटं बोलायचं नाही असं मला सांगणाऱ्या काकूंकडं मी बघितलं. काकूंनी माझ्याकडं बघितलंच नाही.

मुलीनं हात वर घेतला आणि जेवायला लागली. मी बघत होतो, पण तिनं एकदाही मान वर करून आमच्याकडं बघितलं नाही. शेजारच्या मैत्रिणीनं तिच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघी खिदळल्या. काकू पुरी घेऊन आल्या की दोघींचे हात एकदमच पुढं. आम्ही मग घरी आलो. तिथं आमची गरजच नव्हती.

दुपारी ती बांगड्या वाजवत परतली. आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला पोट धरून आडवी झाली.

मी तिच्याकडं धावलो. "काय खाल्लंस? शंकरपाळं खाल्लंस का? खरं सांग!"

"नाही."

"पुडी कुठाय?"

पुडी बायकोकडं होती, न सोडलेली. मी बायकोकडं बघितलं, बायकोनं माझ्याकडं. तेलात काही झालं असेल? पुरण ज्यातून वाटलं त्याला काही लागलं असेल? मी काकूंना विचारायला निघालो, परत फिरलो, डॉक्टरांचा नंबर शोधायला लागलो. बायको मात्र शांतपणे तिच्या उशाशी बसली आणि तिनं मी वर्षभरात एकदाही न विचारलेला प्रश्न विचारला.

"किती खाल्लंस?"

उशीत तोंड खुपसून ती म्हणाली, "सात पुऱ्या."

"सात?"

"तिनं सहा खाल्ल्या होत्या. मी म्हटलं, मी सात खाणार. मग तिनं पुरण परत मागितलं, म्हणून मी पण."

बायको ओवा आणायला उठली. तिचा चेहरा मला दिसू नये म्हणून ती भिंतीकडं तोंड करून गेली, पण खांदे हलत होते. मी तिथंच बसून राहिलो. इतक्या दिवसांत या पोरीचं पोट कितीदा दुखलं, पण हे दुखणं नवीन होतं. हे कुणाच्याही पोराचं दुखणं होतं. अति खाल्ल्याचं.

तेवढ्यात पलीकडच्या घरातून, कुंपणावरून, त्या मैत्रिणीच्या आईची हाक आली. "अहो सर! आमच्या पोरीचं पोट लई दुखून राहिलंय दुपारपासून. काकूकडचं काही बाधलं का काय? तुमच्या पोरीचं कसंय?"

मी अंगणात धावलो. आजारपणाची बातमी इतक्या आनंदानं मी आयुष्यात कधी दिली नसेल.

"आमच्या पोरीचं पण दुखतंय!" मी ओरडून सांगितलं. "अगदी तसंच!"

आतून लगेच आवाज आला, दुखणाऱ्या पोटाच्या मानानं चांगलाच खणखणीत: "पप्पा, तिला सांगा, माझं जास्त दुखतंय!"